देऊळ मागे राहिलं

जुलै २०२५ मधली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा झाले असतील, भांडुपला धो धो पाऊस, ग्रिलमधून झड आत येत होती म्हणून खिडकी अर्धी लावलेली, आणि त्यामुळे हॉलमध्ये न वाळलेल्या कपड्यांचा तो पावसाळी कुबट वास कोंडून राहिलेला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. ते सोफ्यावर, पाय उशीवर टाकून पडले होते, त्यांना झोप येत नव्हती, आणि मला दिवसभरात गेम खेळायला मिळतो तो हाच एक तास, भांडी आवरल्यापासून डोळे मिटायला लागेपर्यंतचा. 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' लावला होता. सोळाव्या शतकातला जपान, घोड्यावर बसलेली गेमची नायिका नाओए, दोन्ही बाजूला भाताची खाचरं. मी मोड असा लावला होता की घोडा त्या चमकत्या रेघेमागे आपोआप चालतो, आपण काही करायचं नाही. मी फक्त पोचायच्या जागेच्या खुणेखालचा आकडा बघत होते, अजून आठशे मीटर, अजून सातशे. तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, देऊळ मागे राहिलं."

"कुठलं देऊळ?"

"आत्ता डावीकडे गेलं ना. दगडी पायऱ्या होत्या, केवढं मोठं छप्पर होतं. घोडा तुझ्या हातात आणि तुलाच दिसलं नाही?"

मला खरंच दिसलं नव्हतं.

ते रागावून बोलले नव्हते, नुसतं आश्चर्य वाटलं होतं त्यांना. पण मला ते लागलं. कारण हा गेम मी घेतला होता तोच मुळात बघायला. मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की यातले ऋतू बघा, पावसात गवत कसं झोपतं बघा, हिवाळ्यात तळी गोठतात आणि पागोळ्यांच्या जागी बर्फाचे सुळके लटकतात. आणि महिन्याभरात मी त्याच जपानमधून अशी जात होते जशी सकाळी आठ बावन्नच्या लोकलमधून जाते, मान खाली, उतरायचं कुठे एवढंच डोक्यात. गेमचा सगळा दोष आहे असंही नाही म्हणता येणार. तो सुरुवातीला फक्त अंदाज देतो, अमुक प्रांतात, तमुक गावाच्या दक्षिणेला, बाकी तुम्ही शोधा. खूण आणि रेघ मी स्वतः चालू केली, दुसऱ्याच दिवशी, कारण हातात तासच होता. पण मला ती चालू करावीशी का वाटली हाही प्रश्न आहेच ना. देवळात गेलं की काय करायचं, तर हरवलेले कागद गोळा करायचे, सगळे झाले की पॉइंट मिळतात. किल्ल्यात गेलं की ठरावीक सामुराई मारायचे आणि पेटी उघडायची, पुढच्या किल्ल्यात परत तेच. इतकं सुंदर देऊळ बांधायचं, त्याच्या लाकडाचा रंग उन्हात वेगळा आणि पावसात वेगळा करायचा, आणि मग तिथे मला काय काम दिलं, तर कचरा वेचल्यासारखे कागद वेचायचं. पाच-सहा देवळांनंतर माणूस देऊळ बघायचं सोडून देतो, मी पण सोडलं. एवढ्या कष्टाने केलेल्या जागेवर त्या करणाऱ्यांचाच विश्वास नाही असं वाटत राहतं मला, आणि त्याचं खूप वाईट वाटतं.

बाबा पोस्टमन होते. एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी गिरगावातल्या बीटवर. मुगभाट, फणसवाडी, झावबाची वाडी, खोताची वाडी, या वाड्या ज्यांनी आतून बघितल्यात त्यांना माहितीये की तिथे नंबरावरून घर सापडत नाही. पिन कोड आणला तोही आपल्यातल्याच माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि बाबा ते नाव आजही आदराने घेतात, पण ते असंही म्हणतात की ४००००४ लिहिलं की पत्र आमच्या ऑफिसपर्यंत येतं, तिथून पुढे पाय. मी चौथीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस त्यांच्याबरोबर गेले होते. सकाळी सॉर्टिंग झाल्यावर ते पत्रं चालायच्या क्रमाने लावायचे, पहिल्या चाळीचं पत्र सगळ्यात वर, आणि लावताना ओठ हलायचे, जणू मनातल्या मनात एकदा सगळी वाडी फिरून येत होते. पाकिटांचा डिंक, शिक्क्याची शाई, खाकी झोळीचा घामट वास. एका पाकिटावर नुसतं लिहिलं होतं "जिन्याखालची खोली, नळाच्या बाजूला", चाळीचं नाव नाही, आणि ते पत्र बाबांनी बरोबर जागी नेऊन दिलं. मी विचारलं कसं कळलं, तर म्हणाले तिथेच एक नळ आहे जो जिन्याच्या इतका जवळ आहे. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हा बाबा दोन दिवस गप्प होते. तो एक वेगळाच लेख होईल.)

तर त्या रात्रीनंतर बाबा रोज माझ्याबरोबर बसायला लागले. मीपण गेम निवडताना त्यांचा विचार करायला लागले, यांना काय बघायला आवडेल. लहानपणी दादाबरोबर व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये उभी राहून मी एक एक रुपयाच्या नाण्यावर 'मुस्तफा' खेळलीये, तेव्हा हेच बाबा मला कानाला धरून घरी घेऊन आले होते, आणि आता तेच विचारत होते, "आज काय लावतेस?"

पहिला लावला 'एल्डन रिंग'. मी तो २०२२ मध्येच संपवला होता, परत पहिल्यापासून सुरू केला. ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल, गुहेतून दार उघडून बाहेर पडलो की समोर सगळा मुलूख पसरलेला आणि आभाळात ते सोनेरी झाड. रेघ नाही, अंतराचा आकडा नाही. विसाव्याच्या जागेतून प्रकाशाची एक अंधुक शलाका निघते, ती फक्त दिशा दाखवते, वाटेत काय आहे ते नाही सांगत. बाबांना ते लगेच कळलं. "झाड उजव्या हाताला ठेव," असं ते मला सांगायला लागले, जसं गिरगावात समुद्राचा वारा कुठल्या गालाला लागतोय त्यावरून ते पश्चिम ओळखायचे. पडक्या चर्चपाशी शेकोटी लावून बसलेला तो फेरीवाला त्यांना फार आवडला, दर दोन दिवसांनी विचारायचे तो आहे ना अजून तिथे. चार रात्रींत बाबांना लिमग्रेव्ह, म्हणजे तो पहिला मुलूख, पाठ झाला. मला शॅडोजमधलं एकही गाव पाठ नव्हतं, पन्नास तास खेळून. पण एल्डन रिंगचंही नुसतं कौतुक नाही करणार मी. शेवटच्या बर्फाच्या भागापर्यंत पोचलो की तेच शत्रू नवीन नावाने समोर येतात, जमिनीखालची थडगी एकसारखी वाटायला लागतात. आणि माणसांच्या गोष्टी तर अशा लपवून ठेवल्यात की अमुक वेळी अमुक जागी तुम्ही गेला नाहीत तर तो माणूस कायमचा हातातून गेला, कोणी सांगणार नाही. म्हणून मांडीवर फोन ठेवून मी विकी उघडून खेळायचे. म्हणजे रेघ टीव्हीवर नव्हती, ती माझ्या मांडीवर होती. बाबांनी तेही बघितलं. "हे काय, कॉपी?" असं म्हणाले.

मग 'डेथ स्ट्रँडिंग २'.

हा जूनमध्ये आला होता आणि मी मुद्दाम थांबले होते. सॅमचं काम काय तर पाठीवर खोकी घेऊन डोंगर-नद्या ओलांडून लोकांना सामान पोचवायचं. पहिला भाग २०१९ मध्ये आला तेव्हा लोक त्याला चालायचा गेम म्हणून नावं ठेवायचे, पोस्टमनचा गेम म्हणायचे, आणि तो शब्द कमीपणाचा म्हणून वापरायचे, तेव्हाही मला ते टोचलं होतं. बाबा पहिल्या पाच मिनिटांत उठून बसले. खरंच, पाय उशीवरून खाली घेतला. सॅमच्या पाठीवर खोक्यांची चळत बघून म्हणाले, "जड खाली घे, हलकं वर. नाहीतर उतारावर तोंडावर पडेल." मी आवरलं नाही आणि तो उतारावर खरोखरच झोकांड्या खायला लागला, दोन ट्रिगर आळीपाळीने दाबून त्याचा तोल सांभाळावा लागतो, तो बिचारा एका बाजूला कलंडतोय आणि इकडे सोफ्यावर बाबांचा खांदा दुसऱ्या बाजूला झुकतोय. तिथला पाऊस ज्या वस्तूवर पडतो तिचं वय वाढवतो, खोक्यांना गंज चढतो, आतला माल खराब व्हायला लागतो. हे मी त्यांना समजावून सांगत होते तर ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय?" आणि मग एका जुन्या पावसाळ्यातली गोष्ट त्यांनी सांगितली, जी मी ऐकली होती पण अशी नव्हती ऐकली. झोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर धरलेली, ठाकुरद्वारपर्यंत पाणी, आणि शाई पसरून पत्ते वाचता येईनासे झाले म्हणून ज्यांची अक्षरं ओळखीची होती त्यांची पत्रं अक्षरावरून लावली. बाहेर पाऊस होताच. टीव्हीत सॅम एका कड्याच्या पोटात आडोशाला उभा होता आणि मी त्याला तसाच उभा ठेवला, गोष्ट संपेपर्यंत.

त्या गेममध्ये आणखी एक आहे, दुसऱ्या कोणीतरी, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या खेळाडूने लावलेली शिडी तुमच्या वाटेवर दिसते. तो तुम्हाला कधी भेटत नाही. तुम्ही त्याच्या शिडीवरून नदी ओलांडता आणि एक लाइक देऊन पुढे जाता. बाबांना लाइक समजलं पण पटलं नाही. सामान पोचवल्यावर घेणारा माणूस बंकरच्या आतच राहतो, त्याची नुसती प्रकाशाची आकृती बाहेर येऊन आभार मानते, तर बाबा म्हणाले, "घरात नाही बोलवत? पाणी नाही विचारत?" मी म्हटलं त्यांना बाहेर पडता येत नाही. "दार उघडता येत नसेल तर खिडकीतून द्यायचं," म्हणाले. माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. दुसऱ्या भागात गाडी फार लवकर हातात येते, बंदुकाही ढीगभर, आणि एकदा का सगळं सामान गाडीत भरलं की तो तोल, तो चढ, ते पाण्याची खोली बघून पाऊल टाकणं, सगळं विरघळून जातं. पात्रं तर तीच गोष्ट तीन तीन वेळा समजावतात. पहिल्या भागात एक डोंगर चढायला मला एक अख्खी रात्र लागली होती आणि तो डोंगर मला अजून आठवतो, दुसऱ्यातले डोंगर दिसायला जास्त देखणे आहेत पण आठवत नाहीत. बाबांचं मत असं नव्हतं. ते म्हणाले, सायकल मिळाली असती तर मी नको म्हटलं असतं का?

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाहीये.

'एक्सपिडिशन ३३' मी त्यांच्यासमोर लावायला नको होता कदाचित. फ्रान्समधल्या एका छोट्या टीमने केलेला, एप्रिल २०२५ मध्ये आलेला, वर्षअखेरीला गेम ऑफ द इयर ठरलेला. त्याच्या गुहा-जंगलांत कोपऱ्यातला छोटा नकाशा नसतो, वाट चुकते, त्यावर बरेच लोक वैतागले आणि मला मात्र तेच आवडलं, कारण आधी जाऊन मेलेल्या तुकड्यांनी मागे ठेवलेल्या खुणा आणि डायऱ्या शोधत जावं लागतं. पण गोष्ट सुरू होते तीच अशी की दरवर्षी एक बाई दूरवरच्या खांबावर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन उडून जातात. चौतीसचा तेहतीस झाला. बंदरावर लोक एकमेकांचे हात धरून उभे. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे गावात आमच्या वयाचं कोणीच नाही." मी म्हटलं, नाही. "मग जुना रस्ता सांगतं कोण त्यांना?" लढाईच्या वेळी घाव नेमक्या क्षणी अडवायचा असतो, त्याची चर्चा सगळ्यांनी केली, मीही तासन्‌तास ते केलंय आणि मजा येते, पण मला विचाराल तर तो गेम त्या पहिल्या अर्ध्या तासात जेवढा मोठा होतो तेवढा नंतर कधीच होत नाही. शेवटाकडे गोष्ट स्वतःतच गुरफटते.

आईला यातलं काही बघवत नाही, मारामारी फार म्हणते. तिच्याबरोबर एका रविवारी 'वेन्बा' संपवला. कॅनडाला गेलेल्या तमिळ कुटुंबाचा गेम, आजीची पाककृतींची वही फाटलेली, डाग पडलेली, पुसलेली अक्षरं आपण अंदाजाने भरून स्वयंपाक करायचा. पहिलीच इडली. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या ते वहीत पुसलं गेलंय, मी रिमोट घेऊन विचार करतेय आणि आई भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "भोकं एकावर एक नाही येऊ द्यायची, वाफ कुठून जाईल?" दीड तासात गेम संपला. आईला वाटलं होतं इंटरव्हल आहे. मलाही तो फार लवकर संपल्यासारखा वाटला, मुलगा एकदम मोठा होऊन समोर उभा राहतो, मधली वर्षं बघायला मिळत नाहीत. तरी त्या रात्री आईने माहेरच्या वहीची आठवण काढली, म्हणून माझ्या लेखी तो पाच हजारांच्या गेमांपेक्षा जास्त चालला.

'सिल्कसॉन्ग' ४ सप्टेंबरला आला, सहा वर्षं वाट बघायला लावून, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. तिथे नकाशा आयता नाही मिळत, शाक्रा नावाची एक योद्धी फिरत असते आणि तिच्याकडून विकत घ्यावा लागतो, जपमाळेचे मणी मोजून. आपण नकाशावर कुठे उभे आहोत हे कळायलासुद्धा वेगळं होकायंत्र लावावं लागतं आणि ते लावलं की दुसरं काहीतरी काढून ठेवावं लागतं. पण शाक्रा जवळपास असली की तिचं गाणं ऐकू येतं. विसर्जनाच्या रात्री खाली ढोल-ताशा चाललेला, मी नव्या भागात हरवलेली, हेडफोन कानावर दाबून धरला तरी ऐकू येईना, शेवटी मिरवणूक कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हॉर्नेटला, म्हणजे गेमच्या नायिकेला, एका जागी बसवून ठेवलं, आणि मग दूर कुठेतरी, डावीकडे वर, ते गाणं. त्या आवाजाच्या मागे मागे गेले तो भाग मी आज डोळे मिटून चालू शकेन. मात्र हा गेम निष्ठुर आहे, नुसता कठीण नाही, निष्ठुर. काही साधे शत्रूसुद्धा एका फटक्यात दोन मुखवटे, म्हणजे आपला तेवढा जीव, नेतात, आणि हरलं की परत त्याच कड्यावरून उड्या मारत तिथपर्यंत यायचं. बसायच्या बाकासाठीही कुठे कुठे मणी मागतात, ते तर मला अजिबात पटलं नाही. थकलेल्या माणसाला बसायचे पैसे?

नोव्हेंबरमध्ये बाबा काठी घेऊन चालायला लागले आणि म्हणाले गिरगावात जाऊन येऊ. नवीन मेट्रोने गेलो, दादरहून जमिनीखालून. गिरगाव स्टेशनला वर आल्यावर ते दोन मिनिटं नुसते उभे राहिले. वारा कुठून येतोय ते बघत होते. मेट्रोच्या कामासाठी काही इमारती गेल्या, काहींचे टॉवर झाले, त्यांच्या बीटवरची तिसऱ्या क्रमांकाची चाळ, जिचं पत्र वरून तिसरं असायचं, तिथे निळे पत्रे लावलेले. त्यांनी पत्र्याला हात लावला आणि काढला. मग खोताच्या वाडीत शिरलो तर एक डिलिव्हरीवाला मुलगा बाइक स्टँडला लावून फोनकडे बघत उभा, नकाशा म्हणतोय पोचलात आणि समोर भिंत. त्याने आम्हालाच विचारलं. बाबांनी पत्ता नाही विचारला, नाव विचारलं. मग काठी टेकत टेकत त्याला दोन घरं मागे घेऊन गेले, विहिरीजवळचा लाकडी जिना दाखवला. तो मुलगा घाईत होता, थँक्यू काका म्हणून धावत वर गेला. बाबा तिथेच उभे राहिले, तो खाली येईपर्यंत, आणि आला तेव्हा त्याला म्हणाले, "पुढच्या वेळी विहीर लक्षात ठेव." तो हो म्हणाला. ठेवली असेल की नाही माहीत नाही, त्याला पुढची ऑर्डर होती, आणि बाबांनासुद्धा दिसलंच की ते. परत येताना ते खिडकीतून काळा बोगदा बघत बसले. भांडुपला आमच्या गल्लीत सगळे टॉवर सारखे आहेत, बी विंग आणि सी विंगमध्ये ते अजून चुकतात, आणि चुकले की मला फोन करून विचारत नाहीत.

त्या रात्री मी परत शॅडोज लावला. सेटिंगमध्ये जाऊन खूण बंद केली, रेघ बंद केली. बाबांना म्हटलं, ते जुलैतलं देऊळ, आठवतंय का कुठे होतं ते?

"आधी लाकडी पूल लागला होता," ते म्हणाले. "पूल झाल्यावर रस्ता डोंगराला धरून वळतो. डावीकडे."

चार महिने झाले होते. गेममध्ये आता हिवाळा होता, खाचरं पांढरी, घोड्याच्या टापांचा आवाज बर्फात दबलेला. मी घोडा चालत नेला, दोनदा चुकीच्या फाट्याला लागलो, बाबा म्हणाले हा नाही, मागे फीर. पूल सापडला. वळण आलं. आणि मग डावीकडे त्या पायऱ्या, छपरावर बर्फाचा थर, दोन बाजूंना दगडी दिवे. मी नाओएला खाली उतरवलं आणि पायऱ्या चढून आत नेलं. आत कोणी नव्हतं. लाकडी खांबाच्या पायाशी एक कागद पडला होता, त्या हरवलेल्यांपैकी एक, पॉइंटवाला. मी तो सोडून पुढे निघाले होते.

"अगं थांब," बाबा म्हणाले. "कोणाचं तरी पत्र पडलंय. उचल ते, भिजेल."